कॉइल बदलली, पण ती गेली कशाने?

गाडी सिग्नलला उभी आहे, पाय ब्रेकवर आहे आणि स्टीअरिंग हातात थरथरतंय. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला की थरथर विरते, पण चढ लागला की गाडी ओढत नाही. गॅरेजमध्ये याला ‘मिसिंग’ म्हणतात. आज मी या एकाच दुखण्यावर बोलणार आहे, कारण त्यापायी लोकांचा फार पैसा वाया जातो.

माझाही गेला. एका गॅरेजने आधी इंजिनाचं फाउंडेशन बदललं, मग इंजेक्टर साफ केले, शेवटी पेट्रोलचा पंप बदलला. थरथर होती तशीच. दोष निघाला तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलमध्ये.

गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. चार सिलिंडरचे मिळून मिनिटाला १६०० ठोके झाले. एक सिलिंडर मुका झाला की त्यातले ४०० गेले. ३००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर ठोके पडायचे असतात; तिथे पंचवीस चुकले तरी फ्लायव्हीलचा जोर मधली फट भरून काढतो. ८०० वर तेवढा जोर नसतो, म्हणून प्रत्येक चुकलेला ठोका अंगाला जाणवतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिला चारही सिलिंडरसाठी एकच कॉइल होती. ठिणगी वाटून द्यायचं काम डिस्ट्रिब्यूटर करायचा. कॉइल गेली की गाडी जागेवर बंद. आता अनेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. एक गेली तरी उरलेले तीन सिलिंडर गाडी रेटत राहतात.

कॉइलच्या मुळाशी मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व आहे. आत तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातला बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्यात वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत दाब उभा राहतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते.

दोष कॉइलचाच आहे हे पक्कं करायला एक रुपयाही लागत नाही. समजा, स्कॅनरने पी ०३०३ हा कोड दाखवला, म्हणजे तिसरा सिलिंडर चुकतोय. इंजिन बंद करून गार होऊ द्यायचं. बऱ्याच गाड्यांत दहाचा पाना पुरतो. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर बसवायची, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसून इंजिन सुरू करायचं. आता पी ०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. पी ०३०३ च राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासा, नवी कॉइल घेऊ नका. इतकी सरळ परीक्षा हाताशी असताना अंदाजाने भाग बदलत जाणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी कॉइल वर ओढली तेव्हा तिच्या खालचं रबर तेलाने चकाकत होतं. प्लगच्या विहिरीत तेल साचलं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन गळत होतं, त्या तेलाने रबर फुगलं आणि वीज प्लगपर्यंत न जाता बाजूने निसटू लागली. प्लगही झिजलेले. झिजलेल्या प्लगची फट वाढते, तसा कॉइलला जास्त दाब उभा करावा लागतो आणि ती लवकर दमते. नुसती कॉइल बदलून मी घरी आलो असतो, तर नवीही त्याच तेलात बसली असती. म्हणून विहीर पुसून घेतली आणि पॅकिंग, चारही प्लग, कॉइल हे सगळं एकदमच बदललं. त्यानंतर सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडे पाहूनच कळायचं.

हे काम मात्र लांबवू नका. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. तो भाग कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.

एक विनंती करतो. कॉइल बदलून घ्याल तेव्हा जुनी परत मागून घ्या आणि तिच्या रबरावरून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं आणि बिलात पॅकिंग नसेल, तर गाडी तशीच परत फिरवा; काम अर्धंच झालेलं आहे.