खडकावरचे कालव



ओहोटी लागली की तुम्ही कोयती घेऊन खडकावर जाता. कालवे फोडता, मांस डब्यात घेता. आज त्या कालवाचीच हकिगत सांगतो.

कालवाला पाय नाहीत, डोळे नाहीत. खडकाला एकदा चिकटले की जन्मभर तिथेच. मग ते खाते काय? भरतीचे पाणी अंगावर आले की शिंपला जरासा उघडतो. पाणी आत घ्यायचे, त्यातले बारीक जीव गाळून खायचे, उरलेले पाणी बाहेर सोडायचे. मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. आपली पिठाची चाळणी काय बारीक असेल! ओहोटीला शिंपला गच्च मिटतो. आत थोडे पाणी राहते, त्यावर उन्हाची वेळ निभते.

पण गाळणाऱ्याच्या अंगात घाणही साठते बरं का. गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी जिथे समुद्राला मिळते, तिथली कालवे घेऊ नका. नीट शिजवली तर बहुतेक रोगजंतू मरतात. शिसे, पारा मात्र शिजवून जात नाही.

आता पिलांचे बघा. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. (गंमत अशी, की आधी नर असलेले कालव पुढे मादीही होते!) पिले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात, अन् मग कठीण जागा पाहून चिकटतात. जुन्या कालवाचे शिंपले त्यांना फार मानवतात. म्हणून बारकी कालवे राहू द्या. फोडताना खालची शिंपी खडकालाच राहते, ती खरवडू नका. नवे पिलू तिच्यावरच बसते.