धार लावायची, तर साधने कोणती?



बोथट हत्यार गरीब, आणि धारेचे तेवढे हात कापणारे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उलटे घडते. बोथट विळीवर लाल भोपळा ठेवला, म्हणजे जोर जास्त लावावा लागतो. आणि जोरात असलेला हात निसटला, की तो आवरत नाही.

शेतातही तसेच. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि राहुरी, देवळाली प्रवरा या आपल्या पट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर उसाचा पसारा वाढला. हा ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडाकडच्या कांड्यांत साखर अधिक. कोयता बोथट असला, की घाव वर बसतो, बुडखा चिरफाळतो, आणि मग खोडवा चांगला फुटत नाही. म्हणजे धार हा नुसत्या सोयीचा प्रश्न नव्हे, पुढच्या पिकाचा आहे.

तेव्हा नवशिक्याने काय घ्यावे? दुकानात गेलात तर दहा वस्तू पुढे येतील. आपल्याला दोनच पुरेत : एक कानस आणि एक दगड.

कानस आठ-दहा इंची, सपाट घ्या. पण लाकडी मुठीवाचून वापरू नका, तिचे शेपूट तळहातात घुसते. कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना उचलून घ्यावी. ती खुरप्याला, कोयत्याला, कुऱ्हाडीला. पाते फार कडक असेल, तर कानस त्यावरून नुसती घसरते. तिथे तिचे काम संपले, दगडाचे सुरू झाले.

दगड कार्बोरंडमचा, एका अंगाने जाड आणि दुसऱ्या अंगाने बारीक असा घ्यावा. त्यावर आकडे असतात. आकडा जेवढा मोठा, तेवढा कण बारीक. १२० ची बाजू बोथट झालेल्या धारेला, २४० ची शेवटच्या हाताला. कार्बोरंडम हा पदार्थ अ‍ॅचिसन या अमेरिकन संशोधकाला १८९१ साली विजेच्या भट्टीत सापडला. तो पोलादाहून पुष्कळ कठीण, म्हणून पोलाद घासतो. सुरीसाठी दगड लांब-रुंद हवा. विळ्याचे पाते वाकडे, त्याला हातात मावणारा निमुळता दगड बरा. विळी मात्र पाटावर घट्ट असते. तिथे पाते स्थिर ठेवून दगड फिरवायचा. दातेरी विळा दगडावर घासू नका, दात जातील.

आता कोन. शिक्षकांनी हे वर्गात जरूर दाखवावे. कागदाचा कोपरा ९० अंशांचा. तो एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. दगडावर सुरी एवढीच उचलून धरा, किंचित कमी चालेल. कोयत्याला थोडा अधिक कोन द्या, नाहीतर कडेचे तुकडे उडतात. एक बाजू घासली, की दुसऱ्या बाजूला नखाला बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर लागली, म्हणजेच बाजू बदलायची. शेवटी बारीक अंगावर हलक्या हाताने दोन्हीकडून फिरवले, की खरखर जाते आणि धार उरते.

दगडावर पाणी घाला. काळा लगदा साचतो तो धुऊन काढा, नाहीतर दगड गुळगुळीत होऊन कापेनासा होतो.

विजेवर फिरणाऱ्या चाकाचा मोह मात्र आवरा. ठिणग्या उडतात तेव्हा कड तापते. ती निळी पडली, की लोहाराने दिलेले पाणी उतरले म्हणून समजा. मग धार लावावी आणि तासाभरात जावी, असे होते. पाते झिजले, त्याला पुन्हा पाणी द्यायचे झाले, तर लोहाराकडेच जावे; ती विद्या त्याची. रोजची धार मात्र आपली.

बाजारात जाल तेव्हा ही दोन साधने आणा, आणि पहिला हात घरातल्या जुन्या खुरप्यावर बसवा. दिवसभर वाफ्यात वाकून निंदणाऱ्या बाईच्या मनगटाला त्याचा फरक त्याच संध्याकाळी कळेल.