चित्र काढणारे आरसे



आम्ही कामगार संघटनेची माणसे. आम्हाला बोलावले म्हणजे महागाईभत्ता आणि बोनस यांवर चार शब्द ऐकायला मिळतील, अशी आपली समजूत झाली असल्यास नवल नाही. परंतु आज आम्ही एका यंत्राविषयी बोलणार आहोत. कामगाराने ज्या यंत्रापाशी आयुष्य घालवायचे, ते यंत्र त्याला समजले पाहिजे, ही आमची जुनी मागणी आहे. मागणी दुसऱ्यापाशी करण्याआधी स्वतःपाशी करावी, म्हणून आम्ही हे यंत्र पुस्तकांतून आणि ते चालविणाऱ्यांच्या तोंडून समजून घेतले.

यंत्र म्हणजे डिजिटल प्रोजेक्टर. शाळेत, सभागृहात, चित्रगृहात त्याने टाकलेले चित्र आपण पाहतो. सर्व प्रोजेक्टरांची रचना एक नसते; काहींत द्रवस्फटिकाच्या काचा असतात. परंतु पुष्कळ यंत्रांत, विशेषतः चित्रगृहांतल्या यंत्रांत, आरशांची चिप असते. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पडद्यावर चित्र टाकण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली 'शांबरिक खरोलिका' लोकांना दाखविली. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवावयाची, असा तो खेळ होता. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि काचेच्या जागी फिल्म आली. दोहोंचे तत्त्व एकच. चित्र आधी तयार असते आणि प्रकाश त्याच्या आरपार जातो. नव्या यंत्रात मात्र डोळ्यांना दिसेल असे चित्र कोठेच नसते. असतात ते नुसते कोरे आरसे.

लहानपणी आपण सर्वांनी आरशाने उन्हाचा कवडसा भिंतीवर नाचविला आहे. मनगट जरासे वळले की कवडसा हातभर सरकतो. कारण आरसा जितका वळतो, त्याच्या दुप्पट किरण वळतो. आता असे आरसे नखाएवढ्या जागेत ओळीने मांडले आहेत, अशी कल्पना करा. शाळेत आढळणाऱ्या एका नमुन्यात 1024 आरशांची एक ओळ आणि अशा 768 ओळी असतात. म्हणजे 7 लाख 86 हजार 432 आरसे झाले. चित्रगृहातल्या चिपवर ते 22 लाखांच्या वर जातात. आरसा ॲल्युमिनियमचा, आणि सुरुवातीच्या चिपांवर त्याची बाजू एका मिलिमीटरच्या साठाव्या भागाएवढी. माणसाच्या केसाच्या जाडीत असे चार आरसे शेजारी शेजारी बसतील. आरसा एका अंगाला सुमारे 12 अंश कलला की किरण भिंगातून पडद्यावर जातो आणि तेथे एक ठिपका उजळतो. दुसऱ्या अंगाला तितकाच कलला की किरण यंत्रातल्याच एका काळ्या पत्र्यावर जाऊन विझतो. प्रत्येक आरशाला एवढी दोनच कामे ठाऊक आहेत.

त्याला कलविते कोण? कोरड्या केसांत फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तीच विजेची ओढ. प्रत्येक आरशाखाली स्मरणाचे एक घर आहे. त्यात 'होय' लिहिले की एका बाजूची ओढ वाढते, 'नाही' लिहिले की दुसऱ्या बाजूची. येथे एक मौज आहे. नवा हुकूम पोहोचला म्हणून आरसा लगेच हलत नाही. हुकूम आधी सर्वांच्या घरी जातात, आणि मग एका इशाऱ्यासरशी सगळे वळतात. बल्लारपूरच्या कागद गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे अधिक फोडून सांगायला नको.

आता खरा प्रश्न. आरसा उजेड देतो किंवा देत नाही. मग संध्याकाळचे करडे आभाळ किंवा माणसाच्या गालावरची सावली पडद्यावर येते कोठून? याचे उत्तर वेळेत आहे. आठवडी बाजारातल्या वाण्यापाशी 1, 2, 4, 8, 16, 32, 64 आणि 128 अशी आठच वजने असली, तरी 255 पर्यंतचे कोणतेही माप तो तोलू शकतो. शंभर हवे असतील तर 64, 32 आणि 4 तागडीत टाकील. यंत्र वेळेची अशीच वजने करते. ठिपका करडा हवा असेल तर आरसा निम्मा वेळ पडद्याकडे आणि निम्मा वेळ काळ्या पत्र्याकडे राहतो. ही उघडझाप इतक्या त्वरेने होते की डोळ्याला ती दिसत नाही. दिसतो तो मंद उजेड. एका चिपच्या यंत्रात दिव्यापुढे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचांचे चाक फिरते. सेकंदाचा साठावा भाग तिन्ही रंगांत सारखा वाटला, तर वेळेचे सर्वांत लहान वजन सेकंदाच्या सुमारे 46 हजाराव्या भागाएवढे भरते. मोठ्या चित्रगृहांत चाक नसते. तिन्ही रंगांना स्वतंत्र चिप असते.

ही युक्ती सुचायला दहा वर्षे लागली. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक 1977 पासून या कामात होते. हवा तितका उजेड मिळावा म्हणून आरसा हवा तितकाच वाकवावा, अशी प्रथम खटपट होती. पण सगळे आरसे अगदी सारखे वाकेनात. 1987 साली त्यांनी अधलीमधली स्थिती सोडून दिली. दोनच ठाम जागा ठेवल्या आणि नाजूक भाग वेळेवर सोपविला. 1999 साली अमेरिकेत या आरशांनी मोठे चित्रपट दाखविले गेले, आणि 2015 साली हॉर्नबेक यांना ऑस्कर मिळाले.

आरशाची बिजागरी केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. लोखंडाची तार दहा वेळा वाकविली की तुटते. मग ही का तुटत नाही? धातूचा पत्रा इतका पातळ झाला की त्याला नेहमीसारखा थकवा येत नाही. एक लाख कोटींहून अधिक वेळा हलवूनही या बिजागऱ्या टिकल्याचे प्रयोगांत दिसले आहे. तिचे वैरी दुसरेच आहेत. ओलीने आरसा खालच्या टेकूला चिकटतो, म्हणून चिप काचेखाली बंद करतात. आणि एकाच अंगाला फार काळ कलवून वर उष्णता दिली, तर बिजागरीला त्याच अंगाची सवय जडते आणि आरसा परत फिरेनासा होतो. श्रमाने न मोडणारी वस्तू एकांगी ताणाने आणि तापाने मोडते, हे कोळशाच्या खाणीत आणि भट्टीपाशी उभे राहणाऱ्या आमच्या सोबत्यांना नव्याने शिकवायला नको.

येथून आमचा मूळ मुद्दा सुरू होतो. फिल्मच्या काळी ऑपरेटर हा कारागीर होता. कार्बनच्या जळत्या कांड्यांतले अंतर हाताने राखायचे, तुटलेली फिल्म जोडायची, वीसेक मिनिटांत रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यातली खूण पाहून दुसरे यंत्र सुरू करायचे. हे सारे त्याच्या हाताचे आणि नजरेचे काम होते. 2005 नंतरच्या दहा वर्षांत ते गेले. लाभ झाला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. फिल्मची प्रत महाग, म्हणून ती आधी मोठ्या शहरांत फिरायची आणि आमच्या तालुक्यांना झिजून, ओरखडे पडून मिळायची. आता पुण्यात लागणारा चित्रपट त्याच शुक्रवारी चंद्रपुरात लागू शकतो. पण एका तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे यंत्र चालविलेल्या ऑपरेटरला मालकाने सांगितले, "आता फक्त बटन दाबायचे आहे, ते कुणीही दाबील." त्याला नवे यंत्र कोणी उघडून दाखविले नाही.

बटन कोणीही दाबील हे खरे. परंतु आमच्या जिल्ह्यात वैशाखात पारा 45 च्या पुढे जातो आणि हवेत कोळशाची व सिमेंटची धूळ असते. फिल्टरची जाळी धुळीने भरली की वारा अडतो, वारा अडला की चिप तापते, आणि एके दिवशी पडद्यावर पांढरे ठिपके उमटतात. ते चिकटलेले आरसे होत. ते हाताने सुटत नाहीत. सगळी चिपच बदलावी लागते. जाळी, पंखा, दिवा, रंगांचे चाक, विजेचा पुरवठा ही मात्र येथल्या माणसाने राखण्याजोगी कामे आहेत. ही कामे कोणीही करील, असे नाही. कशाने काय बिघडते हे ज्याला समजले आहे, तोच ती वेळेवर करील.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. यंत्र आले की त्याची माहिती मराठीत यावी. जुन्या ऑपरेटरला पगारी शिक्षण मिळावे. आणि आयटीआयमध्ये या दुरुस्तीचा वर्ग असावा, म्हणजे गडचिरोलीच्या शाळेतला बिघडलेला प्रोजेक्टर नागपूरच्या वाटेकडे डोळे लावून कपाटात पडणार नाही. झाडीपट्टीत धान कापून झाले की शेतकरी-मजूरच रात्री रंगमंचावर राजे आणि विदूषक होतात; ज्या मुलखात एवढी कला अंगात आहे, त्या मुलखातल्या माणसाला बटन दाबण्यापुरते समजणे हा अन्याय आहे.

आरशाला 'होय' आणि 'नाही' एवढेच कळते, आणि हुकूम येईल तसे त्याने वळावे, हे योग्यच आहे. माणसाला मात्र 'का' हा तिसरा शब्द येतो. तो त्याच्या तोंडून काढून घेऊ नये.