रिकाम्या जलवाहिनीतून काय ऐकू येणार?



 महापालिका आणि नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा खात्यांच्या या अधिवेशनात सकाळपासून गळती आपोआप शोधणाऱ्या यंत्रणांविषयी उत्तम निबंध वाचले गेले. ही यंत्रणा आपल्याला हवीच आहे. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळतं. गळती आणि चोरी मिळून त्यातलं जवळपास एक तृतीयांश वाया जातं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मुंबईचं बरंचसं पाणी तानसा, भातसा, वैतरणेच्या धरणांतून, शहापूर-मोखाड्याच्या भूमीतून येतं आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून गळतीचा प्रश्न मला हिशेबाच्या वहीतला वाटत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

गळती शोधण्यासाठी पूर्वी आपला फिटर मध्यरात्री लोखंडी कांब व्हॉल्व्हवर टेकवून तिला कान लावायचा. आजचा ध्वनिसंवेदक तेच करतो. चुंबकाने व्हॉल्व्हला चिकटून तो रात्री दोन ते चारच्या दरम्यान ऐकत राहतो. जगभर हीच वेळ निवडली जाते, कारण तेव्हा शहर झोपलेलं असतं, वापर कमीत कमी असतो आणि दाब चांगला असतो. फुटक्या सांध्यातून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज तेव्हा स्पष्ट उठतो.

आता आपल्या शहरांकडे पाहा. रात्री दोन वाजता आपल्या बहुतेक वितरण वाहिन्यांत पाणीच नसतं. कुठे पहाटे दोन तास, कुठे एक दिवसाआड, मराठवाड्यात तर कित्येक ठिकाणी आठवड्यातून एकदा पाणी सुटतं. दाब नाही तिथे आवाज नाही, आणि आवाज नाही तिथे संवेदक 'सर्व ठीक' असंच कळवणार. उलट रिकामी वाहिनी त्याच भोकातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढून घेते. यंत्राच्या नोंदीत निर्दोष ठरलेल्या गल्लीत गॅस्ट्रोचे रुग्ण निघू शकतात, ते यामुळे.

दुसरी अडचण नकाशांची. समजा, दोन संवेदक १०० मीटर अंतरावर आहेत आणि गळतीचा आवाज एकाकडे दुसऱ्यापेक्षा ०.०५ सेकंद आधी पोहोचला. बिडाच्या पाइपात ध्वनी सेकंदाला सुमारे १,२०० मीटर धावतो. म्हणजे अंतरातला फरक ६० मीटर आणि गळती जवळच्या संवेदकापासून २० मीटरवर. पण मधला सगळा पाइप कधीतरी बदलून प्लास्टिकचा टाकला असेल आणि तिथे वेग ४०० मीटरच असेल, तर तीच गळती ४० मीटरवर असते. आपण वीस मीटर अलीकडे रस्ता खोदतो, कोरडी माती पाहतो आणि यंत्राला दोष देतो. वाहिनीचं साहित्य कागदावर चुकीचं असेल, तर यंत्राचं गणितही चुकणारच. ठाण्यात विंधन विहीर खोदताना मुंबईच्या जलबोगद्यालाच धक्का बसला आणि २०२३ साली त्याची दुरुस्ती करावी लागली. जमिनीखाली काय आहे याची पक्की नोंद नसणं किती महाग पडतं, हे त्या दुरुस्तीने आपल्याला दाखवलं आहे.

टोकियोचं नाव अशा सभांमध्ये नेहमी निघतं. १९५०च्या दशकात तिथली गळती २० टक्क्यांच्या घरात होती, पुढे ती ३ टक्क्यांच्या आसपास आली. हे नुसत्या उपकरणांनी साधलेलं नाही. त्या शहराने जुन्या वाहिन्या चिवटपणे बदलल्या, घरजोडण्यांसाठी स्टेनलेस स्टीलचे पाइप वापरले आणि गळती ऐकणारी माणसं शिकवून तयार केली. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. छोट्या गावाला जमलं ते मोठ्या शहराच्या एका प्रभागात का जमू नये?

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. संवेदकांची निविदा काढण्याआधी एक प्रभाग वेगळा करा, त्याच्या तोंडाशी मीटर बसवा आणि निदान तपासणीच्या रात्री तरी तिथे पूर्ण दाब ठेवा. कोणत्याही कारणाने खड्डा खणला गेला की बुजवण्याआधी पाइपचं साहित्य, व्यास आणि खोली नोंदवा. त्याला वेगळं अनुदान लागत नाही. ठेकेदाराचं बिल बसवलेल्या उपकरणांच्या संख्येवर काढू नका. गळती बुजल्यावर प्रभागात शिरणारं पाणी किती कमी झालं, ते मीटरवर पाहून काढा. इशारा मिळाला आणि दुरुस्तीचं पथक आठ दिवसांनी पोहोचलं, तर आपण फक्त वाया गेलेल्या पाण्याची नोंद ठेवली, असा त्याचा अर्थ होतो.

आणि व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या चावीवाल्यांविषयी. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरतो, कुठल्या वळणावर दाब पडतो, कोणत्या चाळीखालून जुनी वाहिनी जाते, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्यातले कितीतरी आज कंत्राटावर आहेत आणि ते गेले की ही माहितीही जाते. नव्या यंत्रणेचं प्रशिक्षण आपण कार्यकारी अभियंत्यांना देतो. ते आधी यांना द्या, आणि नकाशा दुरुस्त करायला बसाल तेव्हा यांना शेजारी खुर्ची द्या. या अधिवेशनाच्या ठरावांत हा ठराव पहिला असावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो.