दोन थैल्या
(पशुखाद्य तंत्रज्ञांच्या वार्षिक परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाचा मान दिलात, ऋणी आहे. माझ्याहून योग्य माणसं या सभागृहात बसली आहेत, हे वाक्य प्रथेप्रमाणे म्हणतो. ते खरंही आहे. संयोजकांनी सुचवलं होतं, की गेल्या दहा वर्षांतल्या खाद्यतंत्राचा आढावा घ्या: एन्झाइम, मत्स्यखाद्य, पेलेटची नवी यंत्रं, सगळं. मी कागद घेऊन बसलो. चार ओळी झाल्या आणि पाचव्या ओळीला प्रीमिक्सची थैली आडवी आली. बरीच वर्षं ती मला अशीच आडवी येते आहे. आज माईक माझ्या हातात आहे आणि खाली बसा म्हणणारं कुणी नाही. तेव्हा आढावा पुढच्या अध्यक्षांवर सोपवतो.

म्हणणं एवढंच आहे: जीवनसत्त्वं, सूक्ष्म खनिजं आणि कोलीन क्लोराइड एका थैलीत भरू नका.

यात नवीन काय, असं पहिल्या रांगेतल्या चेहऱ्यांवर दिसतंय. नवीन काहीच नाही. विद्यार्थी हे परीक्षेत लिहितो, पूर्ण गुण घेतो, नोकरीला लागतो आणि पहिल्याच खरेदीच्या बैठकीत एका थैलीवर सही करतो. का? तर टनामागे एक थैली फोडून मिक्सरमध्ये रिकामी केली की झालं. मोजायला नको, चुकायला नको, गोदामात तीन थप्प्या लावायला नकोत.

कोलीन हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात उघडं राहिलं तर गुळाच्या ढेपेसारखं पाझरतं. तो ओलावा मिळाला की तांब्याचं आणि लोखंडाचं सल्फेट जागं होतं, आणि मग शेजारी कोण पडलंय हे ते बघत नाही. ई जीवनसत्त्व अ‍ॅसिटेटच्या रूपात असतं, ते बरंचसं निभावून जातं. अ जीवनसत्त्वाच्या मण्यांना जिलेटिनचं कवच असतं, त्यामुळे काही काळ तगतं. रक्त गोठायला लागणारं के३ जीवनसत्त्व बिचारं उघडंच असतं. ते आधी जातं.

कसं जातं ते मी एका शेडमध्ये पाहिलं. विदर्भातला लेअर फार्म, ऑगस्टचा पहिला आठवडा. दहा-अकरा आठवड्यांच्या तलंगांची चोच दुसऱ्यांदा कापायचं काम चाललेलं. दुपारी मालकाचा फोन आला, ‘साहेब, रक्त थांबत नाही.’ मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पिंजऱ्यांखालच्या तुसावर लाल ठिपके, पाण्याच्या निपलांवर लाल, पोरांच्या बनियनवर लाल. चोच कापणारा म्हातारा कसबी होता, वीस वर्षं तेच काम. सगळ्यांनी त्याला धरलं होतं: पातं नीट तापलं नसेल, घाई केली असेल. तो काही बोलत नव्हता. एका तलंगेच्या चोचीवर अंगठा दाबून बसला होता. अंगठा काढला की पुन्हा थेंब.

मी खाद्याच्या खोलीत गेलो. हा मालक प्रीमिक्स आमच्याकडून घेऊन मॅश स्वतः बनवायचा. वर पत्रा, भिंतीला ओल, थप्पी भिंतीला टेकलेली. थैलीवरची तारीख एप्रिलची. म्हणजे अख्खा मे महिना पत्र्याखाली आणि त्यावर जून-जुलैचा पाऊस. थैली फोडून कोपरापर्यंत हात घातला तर आत ढेकळं लागली, लिंबाएवढी. हाताला चिकटपणा आणि शिळ्या मासळीचा वास. थैलीवर छापलेले आकडे मात्र ठणठणीत होते, आणि भरली त्या दिवशी ते खरेही होते.

पाण्यातून के३ सुरू केलं, प्रीमिक्स बदललं, काही दिवसांत पक्षी सावरले. त्या म्हाताऱ्याची मजुरी मालकानं कापली होती. ती परत देववली. हे सगळं मी गोष्ट म्हणून कधी सांगितलं नाही, कारण तिचा शेवट मला अडचणीचा आहे. ती एक थैली माझीच होती. त्याच्या दोन वर्षं आधी ‘ग्राहकाची सोय’ म्हणून बैठकीत मीच ती मांडली होती, आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

काल दुपारच्या सत्रात दीड तास वाद झाला, जीवनसत्त्वं वाफेनं मरतात की साठवणीत? एक बाजू कंडिशनरमधले ८५ अंश दाखवत होती, दुसरी बाजू तक्ते. मंडळी, या वादाचा निकाल त्या तलंगांनी केव्हाच दिला आहे. त्या मॅश खात होत्या. त्यांच्या खाद्याला आयुष्यात वाफ लागली नव्हती. पेलेट करताना के३ आणि साधं क जीवनसत्त्व मार खातं, हे मी नाकारत नाही. पण वाफेत खाद्य मिनिट-दोन मिनिटं असतं आणि थप्पीत चार महिने. वाफेला बोलणं सोपं जातं, कारण तिच्यावर तापमापक लावलेला असतो. गोदामात तापमापक कुणी लावलाय? हात वर करा. बरं, राहू द्या.

आपल्या शास्त्राची सुरुवातच मुळी कोठीघरातून झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बटाव्हियात डच डॉक्टर आइकमान यांच्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि पुढे आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला सडीक पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना द्यायला त्यानं नकार दिला. १९२९ साली आइकमान यांना नोबेल मिळालं. आचाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. माझी सहानुभूती आचाऱ्याकडे आहे.

आता ‘ओव्हरेज’. तरुण मित्र म्हणतात, नासणारच आहे तर जास्त टाका. शिंपी कापडात माया ठेवतो, तशी. अमेरिकेच्या एनआरसीनं १९९४ साली ब्रॉयलरला किलोमागे अ जीवनसत्त्वाची १,५०० एकक गरज सांगितली. आपण सर्रास दहा-बारा हजार टाकतो. यातली काही माया आजच्या वेगानं वाढणाऱ्या पक्ष्यासाठी आहे, मान्य. पण बरीचशी आपल्या गोदामासाठी आहे, हेही मान्य करा. त्यात ती सरसकट. नायसिन, बी१२ यांना फारशी गरज नसताना तेवढीच टक्केवारी, आणि के३ला तेवढीच, जी पुरत नाही. शिवाय शिंप्याची माया कापड महागलं की पहिली कापली जाते. ३१ ऑक्टोबर २०१७ला जर्मनीत लुडविगशाफेनला बीएएसएफच्या सिट्रलच्या कारखान्यात आग लागली. सिट्रल म्हणजे अ आणि ई जीवनसत्त्वांचा कच्चा माल. भाव अनेक पटींनी चढले आणि इकडे कात्री निघाली. गोदामाचा पत्रा मात्र कुणी बदलला नाही, थैली कुणी वेगळी केली नाही. एकूण खाद्याच्या खर्चात जीवनसत्त्वांचा वाटा शेकड्यात एक-दोन रुपये, आणि त्यातही वाचवायचं ते तिथेच.

कोलीन वेगळं ठेवायला काय लागतं? आणखी एक माप आणि ते घालायला लावलेला एक माणूस. मी हे मिलच्या मालकांना सांगतो तेव्हा ते हसतात. एकानं विचारलं, ‘तो माणूस विसरला तर?’ विसरला तर त्या बॅचला कोलीन नसेल आणि वजनाच्या नोंदीत ते दिसेल. एका थैलीत के३ मेलं तर कुठल्याच वहीत दिसत नाही.

अध्यक्षानं काही कामं सुचवावीत असा संकेत आहे. नमुना मिक्सरखालचा न घेता फीडरमधला, पक्षी खातो त्या दिवशीचा घ्यावा. आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची प्रयोगशाळा आहे, तिथे तपासून मिळतं. भरल्याच्या तारखेशेजारी थैलीवर आणखी काही छापता येईल का, यावर एक समिती नेमावी म्हणतो. समितीत कोण, ते जेवताना ठरवू. मत्स्यखाद्याचं राहिलंच.

त्या दिवशीचं एक ढेकूळ मी बाटलीत घालून ठेवलं आहे. ही बाटली. पुढच्या रांगेपासून मागे द्या. बूच घट्ट आहे, पिळून काढा, आणि नाक जवळ न्यायच्या आधी हातातला चहा संपवा.