गिझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या जागेवर मागच्या वर्षी डॉक्टरीणबाई बोलल्या, त्याच्या आदल्या वर्षी वकीलबाई. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी चिटणीसबाईंनी मला उभे केले, कारण या थंडीत आपल्या कॉलनीत एकामागून एक गिझर बिघडले आणि जी ती मला जिन्यात गाठून विचारू लागली, "तुमच्याकडे काय केलंत हो?" एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगून टाकावे, असे ठरले.

गिझर म्हणजे एक वस्तू नव्हे, दोन आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. एक आतली टाकी आणि दुसरे तिला जोडलेले सामान. सामानात पाणी तापवणारी कांडी आली, जिला मिस्त्री एलिमेंट म्हणतात. तापमान राखणारा थर्मोस्टॅट आला, रबराचा वायसर आला, बाहेरची झडप आली. हे सामान बिघडले तर बदलता येते. टाकी गेली तर गिझर गेला. आपले सारे कोडे या एका गोष्टीत आहे. मिस्त्री "दुरुस्त करू का नवा घेता?" असे विचारू लागला, की त्याला उलट विचारावे, "टाकी गेली आहे का सामान?" याचे उत्तर त्याने दाखवून द्यावे, नुसते सांगू नये.

पाणी तापतच नाही, किंवा कोमटच येते, तर बहुधा एलिमेंट नाही तर थर्मोस्टॅट. बटण दाबले की एमसीबी पडते, तर एलिमेंट फुटलेले असण्याचा संभव मोठा. आतून तडतड, खदखद असा आवाज येतो, तर कांडीवर क्षार चढले आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळतात. जड पाणी तापले की त्यातला चुना खाली बसतो, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो तसाच. थर जाड झाला की कांडीची उष्णता पाण्याला पोचत नाही, कांडी आपल्याच तापाने जळते. थर काढून, वायसर बदलून गिझर पुन्हा उभा राहतो. यासाठी नवा घेणे म्हणजे कपबशीची बशी फुटली म्हणून कपाट बदलणे.

आमच्याकडे 2021 साली असेच एलिमेंट गेले. मजुरीसकट हजाराच्या आत काम झाले आणि पुढे तीन वर्षे गिझर बिनतक्रार चालला.

आता झडपेविषयी जरा जास्त बोलते, कारण तिच्यापायी आपल्या बायका उगीच घाबरतात, किंवा नको ते करतात. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटरचा गिझर वीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापला तर जवळजवळ पाव लिटर पाणी जास्त होते. टाकी चहूकडून बंद. ते जाणार कुठे? म्हणून झडप थोडे थोडे बाहेर सोडते. पाणी तापताना झडपेतून थेंब पडतात ते दुखणे नव्हे, तिचे कामच ते. एका घरी मी पाहिले, त्या झडपेच्या तोंडाला एमसील लावून बंद केले होते. मी त्यांना तिथल्या तिथे गिझर बंद करायला लावला. थर्मोस्टॅट अडकला आणि झडपही बंद, तर वाफेने टाकी फुटते, आणि ती न्हाणीघरात आपल्या डोक्यावर टांगलेली असते. झडप गिझर बंद असतानाही सारखी गळत असेल तर मात्र ती बदलावी. स्वस्त वस्तू आहे.

आता टाकीकडे वळू. गिझरच्या अंगातून, पत्र्याच्या कवचाखालून पाणी ठिबकते. गरम नळाचे पाणी तांबूस येते आणि थंड नळाचे स्वच्छ. हे दोन्ही दिसले तर टाकी आतून गंजली समजावे. (घरातले नळ जुने लोखंडी असतील तर तांबूस पाणी त्यांचेही असू शकते, तेवढे पाहून घ्यावे.) 2024 च्या डिसेंबरात आमच्याकडे ही दोन्ही लक्षणे दिसली. गिझर अकरा वर्षांचा.

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, वेल्डिंग मारून देतो, दोन वर्षं काढाल." दुकानदार म्हणाला, नवाच घ्या. दोघेही आपापल्या पोटाकडे पाहून बोलत होते, यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे त्या महिन्यात मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती, तेव्हा सात-आठ हजार रुपये काही खिशात खुळखुळत नव्हते. आणि सासूबाईंचे म्हणणे तिसरेच. त्या म्हणाल्या, "अगं, माझा तांब्याचा बंब चाळीस वर्षं चालला. गळला की तुझे सासरे कसबा पेठेत तांबट आळीत नेऊन झाळून आणायचे. तुमचा हा एवढा महागाचा डबा झाळता येत नाही?"

प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. एका इलेक्ट्रिशियनला आणि आमच्या भाच्याला, जो कारखान्यात फॅब्रिकेशनचे काम करतो, त्याला विचारले. बंबाचा पत्रा तांब्याचा, जाड. वर नुसते झाकण, पाण्याला दाब नाही. भोक पडले की झाळले, संपले. गिझरची टाकी बहुधा पोलादी पत्र्याची असते आणि तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो, मोरीतल्या जुन्या इनॅमलच्या टमरेलासारखा. वेल्डिंगच्या आचेने तो मुलामा त्या जागी जळतो, आणि पाणी नेमके तिथूनच पोलाद खायला लागते. शिवाय टाकी बंद, आणि तिच्यावर गच्चीवरच्या टाकीचा दाब. आम्ही तळमजल्यावर, वर चार मजले. म्हणजे झाळलेली जागा रात्रंदिवस त्या दाबाखाली. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बंबच बरा होता." त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. मात्र फ्लॅटच्या गॅलरीत बंब पेटवला तर वरच्या मजल्यावरच्या बाई आपल्याला काय म्हणतील, हे त्या इथेच बसल्या आहेत, तेव्हा मी सांगत नाही.

त्याच टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, हेही तेव्हाच कळले. पाणी आधी तिला खाते, म्हणून टाकी वाचते. ती झिजून संपली की पाणी टाकीकडे वळते. दर वर्ष-दोन वर्षांनी कांडी बघून बदलली तर टाकीचे आयुष्य वाढते, आणि बोअरच्या पाण्याला तर हे फार जरुरीचे. मिस्त्री क्षार काढायला येतो तेव्हाच त्याला म्हणावे, "अॅनोड दाखवा." नाव पाठ करून ठेवा. नाव घेतले की मिस्त्री जरा सरळ बसतो.

तर आम्ही वेल्डिंग केले नाही. नवा येईपर्यंत पंधरा दिवस गॅसवर पातेल्यात पाणी तापवले. उकळते पातेले स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत न्यायचे, मध्ये सासूबाईंची काठी आणि नातवाच्या गाड्या. हे दिवस लांबवू नयेत. बादलीत सोडायचा रॉड मी घरात आणू दिला नाही. बटण चालू असताना पाण्यात हात घातल्याने जीव जातात, आणि घाईच्या सकाळी कुणाचे लक्ष कुठे असते! गॅसचा गिझर ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी तो न्हाणीघरात बसवू नये, बाहेर मोकळ्या गॅलरीत बसवावा. बंद न्हाणीत त्याने विषारी वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही. दार लावून अंघोळीला गेलेली माणसे बेशुद्ध पडतात, दगावतातही.

नवा घेताना दुकानात माणूस पंचवीस लिटरचा दाखवतो. आपले गणित आपण करावे. साठ अंशांचे पंधरा लिटर पाणी वीस अंशांच्या पंधरा लिटरात मिसळले की चाळीस अंशांचे तीस लिटर झाले, म्हणजे अंघोळीच्या दोन बादल्या. चौघांच्या घरी एकामागून एक अंघोळ करायची तर पंधरा लिटर पुरतात; मध्ये पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते इतकेच. एवढे पाणी तापवायला दोन हजार वॅटच्या गिझरला पाऊण युनिटाच्या आत वीज लागते. आयएसआयची खूण पाहावी. ताऱ्यांची चिठ्ठी पाहावी, पण तिचा अर्थ समजून. तारे सांगतात, तापलेले पाणी नुसते पडून असताना किती उष्णता वाया जाते ते. ज्यांचा गिझर दिवसभर चालू असतो त्यांना जास्त ताऱ्यांचा फायदा. जी बाई अर्धा तास लावून बटण बंद करते, तिने ताऱ्यांसाठी हजार रुपये जास्त मोजण्यापेक्षा ते अर्थिंगवर खर्च करावे.

अर्थिंगचे मी मुद्दाम म्हणते. गिझर नवा घ्या की जुना ठेवा, एलिमेंट केव्हातरी फुटणारच, आणि फुटले की वीज पाण्यात उतरते. ती जमिनीत जायला वाट हवी, आणि तेवढ्यात वीज तोडणारी आरसीसीबी हवी. आपल्या इमारती जुन्या. कितीक घरांत तिसरे छिद्र फक्त शोभेला आहे, मागे तारच नाही. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर "ओले हात असतील" म्हणून सोडू नये. मेन बंद करून वायरमनला बोलवावे, तोवर त्या न्हाणीत कुणाला जाऊ देऊ नये.

आता आपल्या पाळणाघरातल्या गिझरबद्दल. खजिनदारबाईंनी नव्यासाठी वर्गणी काढायचे पत्रक तयार केले आहे. मी काल तो स्टुलावर चढून पाहिला. पाच वर्षांचा आहे, टाकी कोरडी, गरम पाणी स्वच्छ. गळते ते झडपेतून, आणि बंद असतानाही, म्हणजे झडप बदलायची. आवाजही येतो, तेव्हा क्षार काढून घ्यावे आणि अॅनोड पाहावा. नवा घेऊ नये असे माझे मत. मात्र तिथल्या प्लगचे अर्थिंग मला ठीक वाटले नाही, आणि त्या न्हाणीत चौदा मुले हात धुतात. वायरमन सोमवारी अकरा वाजता येतो म्हणाला आहे. तोवर ते बटण बंदच ठेवायचे, मी त्यावर चिकटपट्टी लावून आले आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे आहे. सोमवारी कुणीतरी दोघी माझ्याबरोबर थांबा, म्हणजे तो काय करतो ते तिघींना कळेल.