पायाचे गोत



इंग्रजी शब्द मुलांकडून घोकून घ्यायचे, ही आपली जुनी रीत. मास्तर म्हणून मीही तेच केले. ‘इम्पीड म्हणजे अडथळा आणणे’ एवढे एका मुलाच्या काही केल्या ध्यानात राहीना. चार वेळा विसरला, चार वेळा मी त्याला बाकावर उभे केले. पाचव्या खेपेस मीच जरा थांबलो. त्याच्या घरी तट्टू होते. म्हटले, “अरे, तट्टू उधळू नये म्हणून त्याच्या पायांना काय बांधता?” “पायबंद!” पोरगा चटकन बोलला. आता बघा, इम्पीडचा मूळ अर्थ तोच. लॅटिन भाषेत ‘पेड’ म्हणजे पाय. पाय अडकवणे ते इम्पीड, आणि अडकलेला पाय सोडवणे ते एक्सपिडाइट. कचेरीत कागदावर ‘एक्सपिडाइट’ असा शेरा पडतो, तो पायबंद सोडण्याचा हुकूमच. पुढे कागद चालतो की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक!

हा ‘पेड’ आपल्या संस्कृत ‘पद’चा भाऊ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले. इंग्रजीच्या घरच्या शब्दांत या ‘प’चा ‘फ’ झाला. पितृ तो फादर, पद तो फूट. म्हणजे आपली फूटपट्टीसुद्धा या गोतातलीच.

सायकलचे पेडल सोपे आहे, पेडिग्री पाहा. पेडिग्री म्हणजे वंशावळ. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ करकोच्याचा पाय! वंशावळीत बापाखाली मुलांच्या रेघा फुटतात, त्या पक्ष्याच्या बोटांसारख्या दिसतात. कचेरीतला प्यून आणि बुद्धिबळातला पॉन हे दोघेही मुळात पायदळातले शिपाई. आपले प्यादे फारसीतून आले, तेही त्यांचेच भाईबंद. आणि साहेबांचा ‘टीपॉय’? तो चहाचा नव्हे, आपल्या तिपाईचाच. चहाचे ‘टी’ त्याला मागाहून चिकटले.

मात्र गुरुजी, आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळवू नये. ‘पेडॅगॉजी’तला ‘पेड’ पायाचा नव्हे. ग्रीक भाषेत तो मुलाचा वाचक. मुलाला शाळेत पोचवणारा गुलाम, त्याला तिकडे पेडॅगॉग म्हणत.

हे सारे ऐकून त्याच पोराने विचारले, “मास्तर, मग पेढा कुणाचा?”

पेढ्याचे यांच्यात कुणीच नाही.